पिवळ्या ठिपक्याखाली

या, असे पुढे या. मागच्या भिंतीला टेकलात की जांभया सुरू होतात, आणि माझा आवाज आज तिथवर पोचायचा नाही. गुडघ्याला गुडघा लागला तरी लागू द्या. ही गोष्ट कानाची आहे, म्हणून कानाजवळच सांगतो. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, नको असेल तेव्हा माणसाने मिटून घ्यावेत म्हणून. कानाला मात्र झाकण दिलं नाही. त्याला वाटलं असेल, निदान ऐकायचं तरी ही लेकरं टाळणार नाहीत. भोळा आहे हो आपला देव! फार भोळा.

तर एक होता वस्ताद. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचा. लांबट शेड, वर पत्रा, भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक पान्ह्याची बाह्याकृती रंगवलेली, म्हणजे एखादा पान्हा जागेवर नसला की भिंत तोंड उघडून बसल्यासारखी दिसायची. मधोमध लोखंडी बाक. इंजिन बांधून झालं की ते बाकावर चढवायचं आणि मंद चालत ठेवायचं. शेडच्या मागच्या दाराला लागूनच वस्तादचं घर.

इंजिनाचं सगळं कौतुक शेवटी श्वासाचं असतं. हवा आत घ्यायची, तिच्यात पेट्रोल मिसळायचं, पेटवायचं आणि बाहेर टाकायचं. ही हवा जिथून आत शिरते त्या नळीत एक पितळी चकती असते. पायाखालचं पेडल दाबलं की चकती फिरते आणि वाट मोकळी होते. या सगळ्याला म्हणतात थ्रॉटल बॉडी. वस्ताद आपला साधं ‘गळा’ म्हणायचा. रोजच्या गाडीला एकच गळा असतो. त्याच्यामागे हवेचा एक डबा, आणि डब्यातून चारही सिलिंडरांना वाटणी. पण वस्तादची इंजिनं चार गळ्यांची. प्रत्येक सिलिंडरला आपापला गळा आणि त्याच्या तोंडावर आपापला कर्णा, फुलासारखा पसरलेला. चारही एकदम उघडले की जी गर्जना उठायची, ती ऐकून भली भली माणसं बोलता बोलता थांबायची.

आता चार गळे म्हणजे चार भावांचं एकत्र कुटुंब. एकाने जास्त घास घेतला की पंक्तीचा बेरंग. चौघांना सारखी हवा मिळावी म्हणून प्रत्येक गळ्याला एक बारीक स्क्रू असतो. तो स्क्रू वस्ताद कानाने लावायचा. हातभर रबरी नळी घ्यायचा, एक टोक कानात, दुसरं कर्ण्याच्या तोंडाशी, आणि डोळे मिटून आत शिरणाऱ्या हवेची फुसफुस ऐकायचा. पहिल्याची, दुसऱ्याची, परत पहिल्याची. चौघे एका सुरात आले की स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका वाळला की काम संपलं. मग त्या स्क्रूला खुद्द वस्तादसुद्धा हात लावायचा नाही, तसा त्याचा नेमच होता. शर्यतीची गाडी विकत घेणारे लोक बाकीचं सगळं सोडून आधी वाकून बघायचे, पिवळा ठिपका आहे ना?

या वस्तादला एक मुलगी. लहानपणी इंजिनात पडलेले वायसर ती आपल्या काडीएवढ्या बोटांनी अलगद काढून द्यायची, म्हणून बापाने तिला चिमटी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. ती याच शेडमध्ये वाढली, पुढे शिकली, आणि शिकूनही बापाच्याच बाकापाशी परत आली. बापाला त्याचा केवढा अभिमान! तोंडावर मात्र म्हणायचा, “कुठे कुणी ठेवून घेतलं नाही वाटतं?”

एकदा काय झालं, वस्तादने एका इंजिनाला चार ठिपके दिले, नळी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, “बघ, चौघे कसे मांडीला मांडी लावून बसलेत.”

चिमटी शेजारीच उभी होती. नळी न लावताही तिला ऐकू येत होतं, तिसरा कर्णा उघडउघड जास्त ओढत होता, पंक्चर झालेल्या टायरसारखा. तिला वाटलं, बाबा परीक्षा घेतायत. ती हसून म्हणाली, “आणि तिसरा?”

वस्तादने नळी पुन्हा कानात घातली, डोळे मिटले, ऐकलं. “तिसऱ्याला काय धाड भरलीय? उत्तम आहे.”

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

ती जेवायला घरात गेली. स्वयंपाकघरात चहाची किटली शिट्टी मारत होती आणि तिच्याजवळच हातभर अंतरावर बसून वस्ताद नखांतलं काळं काढत होता. आई बाहेरून ओरडली, “अहो, ती किटली कधीची बोंबलतेय! उतरवा की!”

“हो हो,” म्हणत तो उठला. पण उठला तो बायकोच्या हाकेने. किटलीच्या नव्हे.

जन्मभर उघड्या सायलेन्सरपाशी उभं राहणाऱ्याचे आधी वरचे आवाज जातात. माणसांचं बोलणं राहतं, दाराची कडी राहते, इंजिनाची घरघर राहते, म्हणून कुणाला काही कळत नाही. त्याला स्वतःलाही नाही. शिट्टी जाते, आणि हवेची बारीक फुसफुस जाते. वस्तादचं सगळं नाव नेमकं त्या फुसफुशीवर उभं होतं.

चिमटीने त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. हवा मोजायचं एक छोटं मीटर मिळतं. कर्ण्याच्या तोंडावर टेकवलं की काटा हवा किती ते दाखवतो. ते तिने आणलं आणि आपल्या खणात चिंध्यांखाली ठेवलं. ठिपके दिल्यावर इंजिन मंद चालत ठेवून वस्ताद जेवायचा आणि मग तासभर आडवा व्हायचा, ही त्याची रीतच होती. तेवढ्यात ही ठिपके नखाने खरवडायची, मीटर लावून स्क्रू जागेवर आणायची आणि त्याच डबीतला पिवळा रंग त्याच ब्रशने पुन्हा द्यायची. वस्ताद उठून यायचा, इंजिनावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “बघ, जरा तापलं की कसं गोड होतं.”

“हो बाबा,” ती म्हणायची.

असं एका इंजिनाचं झालं, दुसऱ्याचं झालं, मग सगळ्यांचंच. गाड्या जिंकत होत्या. लोक म्हणायचे, वस्तादचा कान वयाबरोबर आणखी तयार होत चाललाय. आणि ती कोपऱ्यात उभी राहून हात पुसायची. तुम्ही म्हणाल, किती हा भाबडेपणा! पण श्रोतेहो, बापाचं पांघरूण सरकलं तर ते नीट करताना त्याला उठवून सांगतं का कुणी?

पुढे चिमटीला दुसऱ्या गावी इंजिनांच्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली, तपासणी विभागात. तिने जीव तोडून मिळवलेली. बापानेही पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं. पण जायचा दिवस ठरला आणि ती खणातलं मीटर काढून बघत बसली. आपण गेल्यावर ठिपक्यांचं काय?

नेमका तेव्हाच डॉक्टर आला. हा दातांचा डॉक्टर, वस्तादचं जुनं गिऱ्हाईक. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचा आणि सुटीला डोंगराच्या घाटात शर्यत पळवायचा. मागच्या वर्षी वस्तादच्याच इंजिनावर तो पहिला आला होता. या वर्षी त्याला नवं, जास्त ताकदीचं इंजिन हवं होतं, आणि हातात एक रंगीत चित्र होतं.

“हा गळा बसवू या,” तो म्हणाला. “बाजारात याहून मोठा नाही.”

वस्ताद चित्राकडे बघून हसला. “डॉक्टर, तोंड मोठं उघडलं म्हणजे दात चांगले, असं असतं का तुमच्यात?”

“म्हणजे?”

चिमटी म्हणाली, “गळा फार रुंद केला की हवा आळशी होते. सरळ रस्त्यावर वरच्या वेगात ताकद दिसेल. पण तुमच्या घाटात वळणं किती! वळणावर तुम्ही पेडल जरासं दाबणार आणि गाडी एकतर झोपणार नाहीतर उडी मारणार. मध्यम गळा, लांब कर्णा, हे बरं.”

“ऐका,” वस्ताद खूश होऊन म्हणाला. “कारखान्यावाले हिला फुकट नेत नाहीयेत. मध्यम गळे. चार.”

“एक,” चिमटी म्हणाली.

वस्तादचं हसू मावळलं.

“काय एक?”

“एकच गळा, बाबा. मागे हवेचा मोठा डबा, त्यातून चार सारख्या नळ्या. चार गळ्यांइतकं चटपटीत नसेल, पण हवा मोजायचं यंत्र त्यावर सरळ बसतं, मिश्रण स्थिर राहतं. आणि पुन्हा पुन्हा जुळवत बसायची भानगड नाही.”

“भानगड!” वस्ताद डॉक्टरकडे वळला. “ऐकलंत? ज्या भानगडीवर ही लहानाची मोठी झाली, त्या भानगडीला आता भानगड म्हणतेय. कारखान्यात अजून पाऊल ठेवलं नाही, पण जीभ आधीच हजर झाली.”

“तसं नाही हो बाबा.”

“मग कसं? खरं कारण सांग. डब्याची गाडी डॉक्टर बाजारातून आणतील की. माझ्याकडे कशाला येतील?”

खरं कारण! ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. एक गळा म्हणजे जुळवायला काहीच नाही, जुळवायला नाही म्हणजे ऐकायला नाही, आणि ऐकायला नाही म्हणजे कुणाला कधीच काही कळणार नाही. पण समोर डॉक्टर उभा. ती काहीतरी पुटपुटली.

“जरा मोठ्याने बोल!” वस्ताद ओरडला. “तोंडातल्या तोंडात काय?”

“काही नाही,” ती म्हणाली. “कारण हेच.”

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि शहाण्या गिऱ्हाइकासारखं म्हणाला, “वस्ताद म्हणतील तसं.”

चार गळे ठरले. त्या संध्याकाळी वस्ताद जेवताना एवढंच म्हणाला, “जाणाऱ्याने घराच्या भिंती पाडून जाऊ नये.”

चिमटीने आईला गाठलं. “आई, बाबांचे कान तपासून घेऊ या का एकदा?”

आई हसत सुटली. “ह्यांचे कान? अगं, मी शेजारणीला ह्यांच्याबद्दल काय सांगितलं ते दोन भिंतींपलीकडून ऐकतात. ह्यांना फक्त मी सांगितलेली कामं ऐकू येत नाहीत. त्याला डॉक्टर काय औषध देणार!”

मग निघायच्या दिवशी तिने ते मीटर कागदात गुंडाळून बापाच्या हातात ठेवलं. “माझी आठवण म्हणून. कधी वापरून बघा.”

वस्तादने कागद उघडला, मीटर उलटसुलट केलं. “म्हातारपणाची काठी आणलीस होय?” असं म्हणून त्याने ते फडक्यांच्या ढिगावर ठेवलं, वजन म्हणून. ती गेली. डॉक्टरचं इंजिन तेव्हा नुसतं बांधून होत होतं. कर्णे लेथवरून यायचेच होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती सुटी काढून आली. यायला दुपार झाली. बाप जेवून आडवा झाला होता आणि शेडमध्ये डॉक्टरची गाडी मंद चालत उभी होती, चार नवे कर्णे, चार ताजे ठिपके. तिने दारातूनच ऐकलं. तिसराच. पुन्हा तिसराच, आणि या वेळी फार.

तिने फडक्यांवरचं मीटर उचललं. पिवळ्या ठिपक्यावर नख लावलं, अर्धा खरवडला, आणि मागून आवाज आला, “काय चाललंय?”

वस्ताद दारात उभा होता. तिने खाऊ चोरणाऱ्या पोरासारखं मीटर पाठीमागे धरलं. “काही नाही. बघत होते.”

“डोळ्यांनी बघतात. हातांनी नाही.” तो येऊन गाडीपाशी स्टूल टाकून बसला आणि डॉक्टर येईपर्यंत उठला नाही.

डॉक्टर आला, गाडीत बसला, पेडल जरा दाबलं. इंजिन क्षणभर अडखळलं आणि मग धावलं. “वस्ताद, जरा मिसिंग मारतंय का?”

“शर्यतीचं इंजिन आहे, डॉक्टर. पाळण्यातलं बाळ नाही.”

गाडी बाहेर निघाली तशी चिमटी रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेली. काचेवर टकटक केलं. “डॉक्टर, उद्या सकाळी निघायच्या आधी मला फक्त थोडा वेळ द्या. त्या स्क्रूंना एकदा हात लावू द्या.”

डॉक्टरने इंजिन बंद केलं. तो वाईट माणूस नव्हता. नीट ऐकून घेणारा होता. “वस्तादच्या ठिपक्याला? का?”

तिने मागे वळून शेडकडे बघितलं.

“हे बघ, चिमटी, मला एक कारण सांग. साधं, सरळ एक कारण. मी आत्ता गाडी परत फिरवतो.”

रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती. समोरच्या दुकानात कुणीतरी शटर वर ढकललं. मागे शेडच्या दारात वस्ताद उभा होता, हात कमरेवर, पिवळी डबी खिशात. एक वाक्य होतं हो! माझ्या बापाला ऐकू येत नाही. तेवढं सांगितलं असतं तर त्याच दिवशी सगळा गाव बोलला असता, की वस्तादचे ठिपके गेली कित्येक वर्षं त्याची पोरगी देत होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “उगाच वाटलं. नवं आहे ना इंजिन.”

डॉक्टर हसला. “बापावर गेलीस. सारखी काळजी.” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी घाटातल्या एका वळणावर त्याने पेडल जेमतेम दाबलं. सांगितलं होतं ना, वळणावर पाय हलकाच लागतो, आणि चकत्या अर्धवट उघड्या असतात तेव्हाच गळ्यांची जुळणी कसाला लागते. तिसऱ्यात हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. इंजिन गचकलं, गाडीचा जोर गेला, डॉक्टरने घाईने पेडल खोल दाबलं आणि चारही गळे एकदम गरजले. गाडीची शेपूट फिरली. कठड्याला डावीकडून धडकली. जीव वाचला. स्टिअरिंग उलटं फिरलं त्यात उजवं मनगट मोडलं.

दातांच्या डॉक्टरचं उजवं मनगट.

मोडकी गाडी शेडमध्ये आली. वस्ताद दिवसभर तिच्याभोवती फिरला. मग वाकला आणि त्याला तो तिसरा स्क्रू दिसला. ठिपका अर्धा खरवडलेला. त्याने डॉक्टरचं मागच्या वर्षीचं इंजिन कोपऱ्यातून ओढून आणलं. नखाने त्याचा ठिपका उचलला. पिवळ्याखाली पिवळा निघाला, आणि त्याच्या कडा खरवडलेल्या. दुसरा स्क्रू, तेच. दुरुस्तीला आलेली आणखी दोन इंजिनं होती, त्यांचंही तेच.

चिमटीला निरोप गेला. ती आली तेव्हा हात प्लास्टरमध्ये अडकवून डॉक्टर स्टुलावर बसला होता आणि आई दाराशी उभी होती.

“ये,” वस्ताद म्हणाला. “ये, तपासणी विभाग. हे बघ. एका ठिपक्यावर मी जन्मात कधी दुसरा ठिपका दिलेला नाही. हा वरचा कुणाचा?”

तिने खरवडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“माझ्या पाठीमागे. मी झोपलेलो असताना. माझे स्क्रू!” त्याचा आवाज फाटला. “वर्षानुवर्षं माझ्या हातावर हात चालवत होतीस? बापाचं काम सुधारत होतीस? आणि शेवटी काय सुधारलंस ते बघ, तो तिथे बसलाय तुझा नमुना.”

डॉक्टर सावकाश म्हणाला, “पण वस्ताद, मागच्या वर्षीचं इंजिन तर गाण्यासारखं चाललं होतं. त्यालाही जर हिने हात लावला असेल तर…”

“माझी जुळणीच भक्कम होती म्हणून चाललं, हिच्या कारभारानंतरही.”

डॉक्टर तिच्याकडे वळला. “तू रस्त्यात मला काहीतरी सांगायला आली होतीस.”

वस्तादच्या हातात ती रबरी नळी होती. कानात जाणारं तिचं टोक घासून घासून गुळगुळीत झालेलं. त्याने ती घट्ट धरली होती, पाय घसरलेला माणूस कठडा धरतो तशी. त्याच्या डोळ्यांत राग होताच, पण तो तिच्या ओठांकडे बघत होता. आता ती काय म्हणते याची वाट बघत. त्याला आतून काही ठाऊक होतं का? ते मला विचारू नका. देवाला विचारा, त्याला सगळ्यांच्या आतलं ऐकू येतं म्हणतात.

चिमटीने डॉक्टरच्या प्लास्टरकडे बघितलं. त्या हाताचं देणं तिचंही होतं, ती गप्प राहिली होती. म्हणून तिने जे सांगितलं ते सगळंच खोटं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “मी हात लावला.”

“का गं?” आई किंचाळली. “का लावलास?”

“मला वाटलं, मला जास्त कळतं.”

वस्तादने नळी खुंटीला अडकवली. “ऐकलंत सगळ्यांनी,” तो म्हणाला.

या धंद्यात बातमी सांडलेल्या तेलासारखी पसरते, पायाला लागून घरोघर जाते. कारखान्यापर्यंत ती पोचली. कारखान्याने नोकरीवरून काढलं नाही; फक्त तपासणीतून उचलून मागच्या गोदामात बसवलं. गोदामात वायसरची खोकी. शेजारी भिंत, भिंतीपलीकडे इंजिनं, आणि तिला इंजिनाला हात लावायची मनाई. डॉक्टरची हाडं जुळली, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. आता तो खुर्चीशेजारी उभा राहतो आणि रुग्णांचे दात दुसरा डॉक्टर काढतो.

आणि वस्ताद? इथे जरा नीट ऐका, कारण देवाचा भोळेपणा म्हणा की आणखी काही म्हणा, ते इथे आहे. वस्तादने चार गळे सोडले.

“चार स्क्रू म्हणजे चार चोरवाटा,” तो गिऱ्हाइकांना सांगायला लागला. “घरातलंच माणूस जिथे स्क्रू फिरवतं, तिथे कुणावर भरवसा ठेवू? आता एकच गळा, मागे मोठा डबा, चार सारख्या नळ्या. फिरवायलाच काही ठेवायचं नाही.”

एक गळा, मध्यम मापाचा. मागे हवेचा डबा. तिने मांडलं होतं अगदी तसंच. हवा सारखी वाटली जाते, इंजिनं एका श्वासात चालतात, अडखळत नाहीत. गाड्या पुन्हा जिंकायला लागल्या. लोक म्हणाले, वस्ताद काळाबरोबर बदलला, या वयात बदलणं सोपं नाही. पिवळा ठिपका मात्र त्याने सोडला नाही. तो आता डब्याच्या झाकणावर देतो, जिथे जुळवण्यासारखं काहीही नाही.

बऱ्याच दिवसांनी आई लेकीच्या गावी आली. एका खोलीचं बिऱ्हाड, खिडकीत वाळत घातलेले दोन कपडे. आईने पिशवीतून मीटर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“फडक्यांवर होतं,” ती म्हणाली. “याने काय मोजतात गं?”

“हवा.”

आईने मीटर टेबलावर जरा पुढे सरकवलं. मग म्हणाली, “परवा किटली ठेवली होती. शिट्टी व्हायला लागली. मी मुद्दाम हाक मारली नाही, दारातून नुसती बघत राहिले. हे शेजारी बसलेले. सगळं पाणी आटलं गं. किटलीचं बूड काळं पडलं. धुराचा वास आला तेव्हा उठले.” तिने पदराने डोळे पुसले. “तू मला विचारलं होतंस. कान तपासू या म्हणाली होतीस, आणि मी हसले.”

चिमटीने स्टोव्ह लावला, पातेल्यात पाणी ठेवलं. तिच्याकडे किटली नव्हती.

“मी सांगते त्यांना,” आई म्हणाली. “आज जाऊन सांगते. सगळ्यांसमोर सांगते.”

“आता एकच गळा बसवतात ना ते?”

“हो.”

“मग झालं की.”

“झालं काय, कार्टे? तू इथे खोकी मोजतेस!”

“आई,” ती म्हणाली, “त्यांच्याकडे ऐकण्यावाचून आहे काय? तू सांगितलंस तर ते उद्यापासून शेडमध्ये जायचे नाहीत. खाटेवर पडून राहतील. तुलाच मग तिथे बसून बघावं लागेल.” मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “आणि किटली नवी घे. आवाज करणारी नको, पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी असते, तसली.”

आई परत गेली आणि गप्प राहिली. नवी किटली आली. वस्ताद एकदा म्हणाला, “बरी आहे ही, कटकट करत नाही.” लेकीचं नाव तो घेत नाही. कुणी काढलंच तर म्हणतो, “हुशार होती. पण हात स्वस्थ नव्हते.”

एवढंच. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं आणि हळू सांगितलं, कारण वस्ताद अजून आहे, आणि हे त्याच्यापर्यंत जाऊ नये अशी तिचीच इच्छा आहे. पण देवाने तुमच्या कानांना झाकण दिलेलं नाही, आता ऐकलंत ते ऐकलंत. घरी जाताना एखादी गाडी शेजारून गेली, श्वासाला श्वास लागून, कुठेही न अडखळता, तर थोडं थांबा. झाकणावरचा ठिपका कुणाचा हे विचारू नका. गोदामात बसून भिंतीपलीकडची इंजिनं ऐकणारी एक मुलगी आहे, आणि कुठल्या इंजिनाचा कितवा गळा जास्त ओढतोय ते तिला तिथूनही कळतं. हात जोडून सांगतो, तिची तेवढी आठवण ठेवा.